दोन छिद्रांमधलं अंतर

गमबूट घोट्याच्या वर रुतलेत आणि पाय उचलावा की तिथेच उभं राहावं, हे तुम्हाला ठरवता येत नाहीये. पायाखाली जमीन दिसते खरी, पण वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलंत की चार हातांवरचं गवत खालीवर होतं. तुम्ही उभे आहात ते पाण्यावर तरंगणाऱ्या मुळांच्या जाळीवर. भोवती डोक्यापेक्षा उंच बोरू वाढलाय, त्यापलीकडे आल्डरची वाकडीतिकडी झाडं आहेत. साल १९५२. इंग्लंडचा पूर्व किनारा इथून जवळच आहे. नॉरफोक परगण्यातल्या या सखल भागात ब्युअर, अँट, थर्न, येअर आणि वेव्हनी या नद्या संथपणे समुद्राकडे जातात आणि त्यांच्या काठाकाठाने चाळीसहून अधिक उथळ तळी पसरली आहेत. इथले लोक त्यांना ‘ब्रॉड्स’ म्हणतात.

तुमच्या हातात लोखंडी दांड्याचं एक टोक आहे. दुसऱ्या बाजूला पस्तिशी ओलांडलेली एक बाई आहे. ती दांडा दाबते, तुम्हीही दाबता. या यंत्राला हिलर बोअरर म्हणतात. खालचं टोक गिरमिटासारखं पिळाचं, त्याच्या वर एक पोकळ नळी, आणि नळीला उभी फट. एका दिशेने फिरवत खाली नेलं की फट बंद राहते. हवी ती खोली आली की उलट फिरवायचं, फट उघडते आणि तिथला गाळ नळीत खरवडून भरतो. पुन्हा सुलट फिरवायचं, वर खेचायचं. एक दांडा संपला की त्याला दुसरा जोडायचा, मग तिसरा. खांदे भरून येतात. ओला गाळ दांडा सहज सोडत नाही.

नळी वर येते. तिच्यात काळसर, दह्यापेक्षाही पातळ चिखल आहे. बोटातून निसटून जातो. आणखी खाली जाता. पुन्हा तोच चिखल. मग सुमारे तीन मीटर खोलीवर दांडा एकदम अडतो, आणि नळीतून तपकिरी, घट्ट, तंतुमय काहीतरी येतं. त्यात आल्डरच्या फांदीचा तुकडा आहे, सालीसकट. हे पीट. सतत पाण्यात बुडालेल्या जागी झाडंगवत मरतं, पण हवा न मिळाल्याने पुरतं कुजत नाही. थरावर थर दबत जातो, हजारो वर्षं. वाळवलं तर ते जळतं.

बाई वहीत लिहिते. मग बोअरर उचलून मोजकी पावलं बाजूला नेते आणि पुन्हा दाबायला सांगते. या वेळी चिखल नाहीच. पहिल्या दांड्यापासूनच घट्ट पीट. वरपासून तळापर्यंत.

दोन्ही छिद्रं तुमच्या नजरेसमोर आहेत, एकमेकांपासून मोजक्याच पावलांवर. एकात तीन मीटर मऊ चिखल, दुसऱ्यात तीन मीटर घट्ट पीट. मधे उतार असायला जागाच नाही. मधे आहे ती उभी भिंत. निसर्ग तळ्याचा काठ असा कापत नाही. तुम्हाला हे उमगेपर्यंत बाईंनी तिसऱ्या छिद्राची जागा ठरवलेलीसुद्धा असते.

त्यांचं नाव जॉइस लॅम्बर्ट. त्या वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत आणि कुठली वनस्पती कुठे, कुणाच्या शेजारी आणि का उगवते हा त्यांचा विषय आहे. त्या दोन छिद्रांमुळे पुढच्या काही वर्षांत या सगळ्या प्रदेशाचा इतिहास नव्याने लिहावा लागणार आहे. पण त्यासाठी आधी मागे जायला हवं.

तुम्ही येअरच्या काठी, ब्रंडल गावात आहात. दोन महायुद्धांच्या मधला काळ. नॉरिचहून समुद्राकडे जाणारी गाडी इथे थांबते. सुट्टीला आलेले शहरी लोक इथून भाड्याने होड्या घेतात. १९१६ साली लंडनमध्ये जन्मलेली ही मुलगी वाढली ती इथे. शाळा नॉरिचला, पदवी वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या विद्यापीठातून, वनस्पतिशास्त्रात, १९३९ साली. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं. त्या काळात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलीपुढे शाळेत शिकवणं हाच सरळ रस्ता असे. लॅम्बर्टनीही काही काळ शिकवलं, मग लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात गेल्या. पण सुट्टी मिळाली की पाय वळत ते घरामागच्या पाणथळ जागेकडेच.

१९४० च्या दशकात तुम्ही त्यांच्यासोबत नदीपलीकडे, सर्लिंगहॅम आणि रॉकलंडच्या बाजूला गेलात, तर टेड एलिस भेटतात. नॉरिच कॅसल म्युझियममधल्या निसर्गविभागाचे ते प्रमुख आणि नॉरफोकच्या रानाचे चालतेबोलते जाणकार. १९४६ साली ते सर्लिंगहॅमजवळच्या व्हीटफेनमध्येच राहायला आले. अशा माणसांच्या सहवासात लॅम्बर्टनी एक साधा दिसणारा प्रश्न हाती घेतला. बाकी ब्रॉड्सच्या काठी बोरू आणि लव्हाळी माजलेली असतात. मग येअरच्या मधल्या पट्ट्यात ग्लिसेरिया नावाचं उंच पाणगवत एवढं का? उत्तर शोधायला भरती-ओहोटीचं पाणी किती चढतं ते पाहायचं, माती पाहायची, कोण कुठे गवत कापतं आणि कुठे गुरं सोडतं तेही पाहायचं. १९४६ साली हे काम प्रसिद्ध झालं.

या कामात त्यांना एक सवय लागली आणि पुढच्या सगळ्याचं मूळ मला त्या सवयीत दिसतं. समोरच्या हिरव्या पट्ट्याकडे त्या आजच्यापुरतं पाहत नसत. १८४० च्या सुमाराला जमिनीवरच्या धर्मकरासाठी काढलेले गावोगावचे नकाशे त्या शोधत, मग त्या शतकाच्या अखेरचे सरकारी सर्व्हेचे नकाशे, आणि मग स्वतःच्या पायांनी फिरून पाहिलेलं आजचं चित्र. तिन्ही एकमेकांवर ठेवले की कळतं: इथे शंभर वर्षांपूर्वी उघडं पाणी होतं. मग काठाचं गवत आत सरकलं, त्याच्या मुळांत गाळ अडकला, त्यावर बोरू आला, बोरूवर झुडपं, झुडपांनंतर आल्डरचं रान. वनस्पतींनी तळं कसं गिळलं, त्याची तारीखवार नोंद. बाहेरून आलेल्याला अनादि वाटावं असं ते ओलं रान पणजोबांच्या काळात होडी चालवण्याजोगं पाणी होतं.

आता प्रश्न पुढचा. तळं भरत जातं हे कळलं, पण मुळात ते झालं कसं?

उत्तर तयार होतं आणि सर्वांना मान्यही होतं. ब्रॉड्स नैसर्गिक आहेत. एकेकाळी इथे समुद्राची खाडी आत आली, तिने चिकणमाती आणून टाकली, नदीच्या दोन्ही काठांशी ती जास्त साचली आणि खोऱ्याच्या कडेला खोलगट जागा राहून गेल्या. तिथे पाणी साठलं. भूरूपशास्त्रज्ञ जोसेफ जेनिंग्ज यांनी हे उत्तर नीट पुराव्यांनिशी मांडलं. तेही चिखलात उतरले होते, तेही बोअरर दाबत होते. ब्युअरच्या खोऱ्यातल्या थरांवर आणि वनस्पतींवर लॅम्बर्ट आणि जेनिंग्ज यांनी मिळून लिहिलेला लेख १९५१ साली आला. म्हणजे त्या मान्य उत्तरामागे लॅम्बर्टही उभ्या होत्या.

१९५२ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने जेनिंग्ज यांचा ब्रॉड्सच्या उगमावरचा ग्रंथ काढला. त्याच सुमाराला लॅम्बर्ट पुन्हा दलदलीत उतरल्या आणि या वेळी छिद्रं जवळजवळ घेऊ लागल्या. तुम्ही दांडा धरून उभे होतात ते याच दिवसांत.

हे अंतराचं प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण सगळा निकाल त्यावर लागला. खोऱ्याच्या आडवी एक रेघ धरून दूरदूर छिद्रं पाडली, तर एका ठिकाणी पीट मिळतं, पुढच्या ठिकाणी चिखल. मधल्या जागेत काय आहे हे तुम्ही मनाने भरता, आणि मन नेहमी हलका उतार भरतं, कारण तळ्याचे काठ उतारावर असतात असंच आपण आयुष्यभर पाहिलेलं असतं. कागदावर रेघ छान गोलाईत येते. ती खोटी आहे असं कुणालाही वाटणार नाही. छिद्रांमधलं अंतर कमी केल्यावरच मन भरायला जागा उरत नाही. मग काठ उभा निघतो, तळ सपाट निघतो. तळ्याच्या पोटात पीटचे अरुंद, सरळ, उभ्या कडांचे बांध सापडतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना चिखल असतो. पाण्यातली काही बेटंही तशीच, कडा तासलेल्या. काही बांधांच्या रेघा गावागावांच्या जुन्या हद्दींशी जुळतात. आणि सपाट तळ लागतो तो वरच्या मातीच्या आणि गवताळ पीटच्या खाली, लाकडाच्या तुकड्यांनी भरलेल्या जुन्या पीटच्या थरात. सरपण म्हणून सर्वांत चांगला थर तोच. कुणीतरी वरचा निकस थर, काही ठिकाणी चिकणमातीसुद्धा, बाजूला सारून मुद्दाम या थरापर्यंत पोचलं होतं.

ब्रॉड्स या खाणी होत्या. माणसांनी हातांनी खणलेल्या.

स्वतःचा लेख छापून फार काळ लोटलेला नसताना हे म्हणायला काय लागलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. ब्रॉड्सवर पोसलेला सगळा परगणा त्यांना निसर्गाची देणगी मानत होता. स्वतः लॅम्बर्ट तिथेच वाढलेल्या. सहकाऱ्याचा ग्रंथ नुकताच बाजारात आलेला. तरी पुरावा वळला तिकडे त्या वळल्या, आणि उशीर न करता.

आता त्या पहिल्या, चिखलाच्या छिद्रातून खाली उतरा. सातशे वर्षांच्या आसपास खाली.

तेराव्या शतकाचा मध्य. पाणी नाही. तुम्ही एका रुंद, खोल खड्ड्याच्या तळाशी उभे आहात, भिंती तुमच्या दुप्पट उंच, तपकिरी, ओल्या. वर आभाळाची चौकट. शेजारच्या खड्ड्यातलं पाणी आत येऊ नये म्हणून मधला बांध न खणता सोडलेला आहे; पीटमधून पाणी सहज झिरपत नाही, हे इथल्या माणसांना पक्कं माहीत आहे. लांब पात्याच्या कुदळीने माणसं पीट चौकोनी कापतायत, कापलेली वीट वरच्याकडे देतायत. वर माळावर बायका-पोरं त्या विटा, आपल्याकडे गोवऱ्या रचतात तशा, वारा खेळता राहील अशा रचून वाळवतायत. कुणाच्या पायात काही नाही. कुणाचं नाव तुम्हाला कधी कळणार नाही. हिशोबाच्या चोपड्यांत विटांची संख्या लिहिली जाते, खणणाऱ्यांची नावं क्वचितच.

एवढं सरपण कुणाला हवंय? खड्ड्यातून वर या आणि चौफेर पाहा: झाडं नाहीत. १०८६ साली विल्यम राजाने करवलेल्या ‘डूम्सडे बुक’ या जमीननोंदीतच दिसतं की पूर्व नॉरफोक हा इंग्लंडमधल्या सर्वांत दाट वस्तीच्या भागांपैकी एक आणि जंगल मात्र फारच थोडं. नॉरिच हे देशातल्या मोठ्या शहरांपैकी एक. तिथल्या कॅथेड्रलला जोडलेल्या मठाला वर्षाला सुमारे ४ लाख विटा जाळायला लागत. साउथ वॉल्शॅम या एका गावातून त्या शतकाच्या उत्तरार्धात वर्षाला २ लाखांवर विटा निघत. ब्युअरच्या काठी उभ्या असलेल्या सेंट बेनेट मठाच्या जमिनींतही खणणं चालू. सगळ्या ब्रॉड्समधून मिळून किती पीट निघालं असावं, याचा पुढे अंदाज बांधला गेला तो ९० कोटी घनफुटांहून जास्तीचा, म्हणजे अडीच कोटी घनमीटर. कुदळीने, टोपलीने, होडीने. दोन-तीनशे वर्षांत, पिढ्यानपिढ्या.

थांबा, घाई करू नका. त्या खड्ड्याच्या तळाशी क्षणभर पुन्हा उभे राहा. तुमचे पाय ओले होतायत. तळातून पाणी येतंय, थोडं थोडं. माणसं ते बादलीने उपसतात आणि कामाला लागतात. गेल्या पिढीला एवढं उपसावं लागत नव्हतं.

डिसेंबर १२८७. रात्री वारा सुटला आणि समुद्र आत आला. सेंट बेनेट मठाचा भिक्षू जॉन ऑफ ऑक्सनीड याने ते लिहून ठेवलंय. एकट्या हिकलिंगमध्ये १८० माणसं बुडाली आणि तिथल्या मठात पाणी मुख्य वेदीच्याही फूटभर वर चढलं. पूर ओसरला, पण खड्ड्यांमधलं पाणी आता पहिल्यासारखं उपसून संपेना. समुद्राची पातळी जमिनीच्या मानाने हळूहळू वर येत होती. चौदाव्या शतकातल्या हिशोबांमध्ये विटांचे आकडे उतरत जातात. १३४९ मध्ये प्लेगची काळी साथ येते आणि खणायला माणसंही उरत नाहीत. मग त्याच जागांच्या नावापुढे वेगळीच नोंद दिसू लागते: मासेमारीचा हक्क, त्याचं भाडं. सरपणाची खाण मासळीचं तळं झाली. काठाला बोरू लागला. छपरं शाकारायला तो कापला जाऊ लागला. काळ्या शिडाच्या माल वाहणाऱ्या होड्या फिरू लागल्या. खणणाऱ्यांची पणतवंडंही गेली आणि कुणाला काही आठवेनासं झालं. एकोणिसाव्या शतकात आगगाडीने सहलीचे लोक यायला लागले तोवर ही तळी निसर्गाची होऊन गेली होती.

१९५० च्या दशकात परत या. लॅम्बर्टसमोर आता आक्षेपांची रांग आहे आणि ते आक्षेप वाजवी आहेत. एवढं मोठं काम झालं तर त्याची कुठे नोंद का नाही? आणि पंप नसलेल्या काळात समुद्रसपाटीला लागून असलेल्या दलदलीत तीन-चार मीटर खोल कोरडा खड्डा खणणं शक्य तरी कसं?

वनस्पतिशास्त्राकडे याचं उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी माणसं जोडली. केंब्रिजचे ऐतिहासिक भूगोलतज्ज्ञ सी. टी. स्मिथ मठांच्या आणि जमीनदारांच्या लॅटिन चोपड्यांत शिरले. विटांचे ते सगळे आकडे, मासेमारीची ती भाडी त्यांनी बाहेर काढली. पुरातत्त्वज्ञ चार्ल्स ग्रीन आणि अभियंते जे. एन. हचिन्सन यांनी ग्रेट यारमथला नव्या वीजकेंद्रासाठी चाललेल्या खोदकामातून मध्ययुगीन वस्तीचे थर पाहिले. त्यावरून दिसलं की तेराव्या शतकात समुद्र जमिनीच्या मानाने आजच्यापेक्षा बराच खाली होता. म्हणजे ते खड्डे त्या काळी कोरडे राहू शकत होते. शंका दोन होत्या, दोन्ही सुटल्या.

मधेच ३१ जानेवारी १९५३ ची रात्र येते. उत्तर समुद्र पुन्हा पूर्व किनाऱ्यावर चढतो आणि इंग्लंडात ३०७ माणसं जातात. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा पूर हा कागदावरचा तपशील नाही, हे नॉरफोकमध्ये कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

आणि आता एक पुस्तक उघडा: ‘द मेकिंग ऑफ द ब्रॉड्स’, १९६०. प्रकाशक तीच रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी, मालिका तीच. त्या मालिकेतला दुसरा ग्रंथ, जेनिंग्ज यांचा, म्हणत होता ब्रॉड्स नैसर्गिक आहेत. तिसरा म्हणतो ते खणलेले आहेत. मुखपृष्ठावरची नावं वाचा. पहिलं लॅम्बर्ट. दुसरं जेनिंग्ज. ज्यांचा सिद्धांत या ग्रंथाने मोडला, तेच त्याचे सहलेखक! तोवर ते ऑस्ट्रेलियात गेले होते. पुढे गुहांच्या आणि चुनखडीच्या भूरूपांचे मोठे अभ्यासक झाले. त्यांचे आधीचे थर, त्यांची आधीची छिद्रं या ग्रंथात वापरली आहेत, मान देऊन. विज्ञानाच्या इतिहासात मला याच्याइतकं सुंदर मुखपृष्ठ फार थोडं दिसलंय. वाद जिंकणं आणि माणूस न गमावणं, दोघांनाही ते साधलं.

लॅम्बर्टची गोष्ट इथे संपवणं अन्यायाचं होईल, कारण त्यांचं दुसरं मोठं काम साउथॅम्प्टनला चालू होतं. १९५० पासून त्या तिथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एका खोलीत या. कपाटाएवढं यंत्र गुणगुणतंय, त्यात शेकडो व्हॉल्व्ह, मजकूर कागदी पट्टीला भोकं पाडून भरायचा. फेरांटी कंपनीचं पेगॅसस. विद्यापीठाचा पहिला संगणक.

लॅम्बर्ट आणि प्राध्यापक डब्ल्यू. टी. विल्यम्स यांचा प्रश्न असा. जवळच्या न्यू फॉरेस्टच्या माळरानावर तुम्ही ठरावीक मापाच्या चौकटी टाकल्या आणि प्रत्येकीत कोणकोणती झाडंझुडपं आहेत ते लिहिलं. आता या शेकडो चौकटींचे गट पाडायचे. तोवर जाणता वनस्पतिशास्त्रज्ञ नजरेने सांगे, हा एक समाज, तो दुसरा. दोन जाणते असले की दोन उत्तरं येत. या दोघांनी ते नजरेवर सोडायचं नाकारलं. कोणती वनस्पती इतर सर्वांच्या असण्यानसण्याशी सर्वांत घट्ट जोडलेली आहे, ते आकड्यांनी काढायचं. ती जिथे आहे त्या चौकटी एकीकडे, नाही त्या दुसरीकडे. मग प्रत्येक गटात पुन्हा तेच, संबंध उरत नाहीत तोवर. हाताने करायला बसलं तर आठवडे जातील एवढी गणितं, म्हणून पेगॅसस. १९५९ पासून ‘जर्नल ऑफ इकॉलॉजी’त या पद्धतीवर त्यांची लेखमाला आली. त्यातला दुसरा लेख थेट संगणकाच्या वापरावर होता. वनस्पतींच्या परिसंस्थांचा अभ्यास संगणकावर नेणारे हे जगातले अगदी पहिले लोक. आज वनस्पतींच्या आकडेवारीवर काम करणारा प्रत्येक विद्यार्थी त्याच वाटेवर चालतो; पद्धती पुढे बदलल्या, वाट तीच.

दलदलीतली बाई आणि यंत्रापुढची बाई एकच आहे, हे ओळखायला तुम्हाला वेळ लागणार नाही. दोन्हीकडे त्या मनाने भरलेली जागा पुराव्याने भरतायत.

१९७९ साली त्या निवृत्त झाल्या आणि ब्रंडलला परतल्या. १९८८ च्या कायद्याने ब्रॉड्सना राष्ट्रीय उद्यानाच्या तोडीचं संरक्षण मिळालं, पुढच्या वर्षी त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण काम करू लागलं. हे रान माणसाने घडवलं हे माहीत असूनही ते मिळालं, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. लॅम्बर्ट २००५ साली वारल्या.

ब्रॉड्स नैसर्गिक नाहीत, म्हणून ती आपोआप टिकणारही नाहीत, हा त्यांच्या शोधाचा आजच्या कामात रोज लागणारा भाग. वर म्हटलं तसं, गवत पाणी गिळतं, मग बोरू, मग आल्डर. शिवाय विसाव्या शतकात सांडपाण्यातून आणि शेतांतून आलेल्या फॉस्फरसने पाणी हिरवंगढूळ झालं, तळातल्या पाणवनस्पती गेल्या आणि गाळ झपाट्याने साचला. म्हणून १९८२ साली कॉकशूट ब्रॉड बांध घालून नदीपासून तोडला आणि त्यातला गाळ पंपाने उपसला. वनस्पती परत आल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बार्टन ब्रॉडवर तेच काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. काठचा बोरू आणि लव्हाळी कापली नाहीत, तर त्यांच्यात वाढणारी मिल्क पार्सली मरते, आणि स्वॅलोटेल फुलपाखराची ब्रिटनमधली उपजात तिच्यावरच जगते. फुलपाखराची ही उपजात या प्रदेशाबाहेर कुठेच नाही. ज्यांनी खड्डे खणले त्यांच्या हातांचं काम आजचे लोक वेगळ्या कारणासाठी पुढे चालवतायत.

तुम्ही कधी इंग्लंडला गेलात, मुलांकडे म्हणा किंवा कामासाठी, तर लंडनहून नॉरिचला आगगाडीने दोन तासांच्या आसपास लागतात. तिथून ब्रंडल एखाद-दोन स्टेशनांवर. नदीच्या पलीकडे सर्लिंगहॅमजवळ टेड एलिस यांचं व्हीटफेन आज राखीव रान म्हणून सांभाळलं जातं आणि ते पाहायला लोकांना मोकळं आहे. जाताना गावांच्या हद्दी दाखवणारा सर्व्हेचा मोठा नकाशा बरोबर घ्या. एखाद्या ब्रॉडच्या पाण्यातून हद्दीची रेघ सरळ गेलेली दिसली, तर तिच्याखाली न खणता सोडलेला बांध होता का, हे तिथल्या माणसांना जरूर विचारा.